डॉक्टरांचं विमान

विकत घ्यायचं जुनं विमान तपासायला तीन दिवस इंजिनात बोरोस्कोप (आत डोकावायची कॅमेऱ्याची नळी) घालून बसलेल्या माणसाला चौथ्या दिवशी "जरा आमचा फोटो काढता का?" म्हणतात. परवा अमेरिकेतल्या विचिटाच्या हँगरमध्ये म्हणाले. काढला. फोटोत इंजिन झकास आलं, गिऱ्हाइकाच्या सासरेबुवांचं डोकं कापलं गेलं. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

विमान सेसना साइटेशन सीजे१, २००१ सालचं. घेणारे टेक्सासमधले आपलेच एक मराठी गृहस्थ, सोबत साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सासरे. त्यांचा जन्म जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीत गेलेला. आल्याआल्या त्यांनी मडकं वाजवावं तशी पंखावर टिचकी मारली.

"मालक किती झाले?"

"दोन. आत्ताचे डॉक्टर आहेत."

"मग झालं तर! डॉक्टरची गाडी. वर्षाला किती चालवतात?"

"चाळीसेक तास."

"बघा जावईबापू, नुसतं पुसून ठेवलंय."

अहो, तीच तर बोंब आहे! उभ्या विमानाची रबरी सीलं वाळतात आणि उडायला लागलं की गळतात. टाकीत हवेतली वाफ गार होऊन पाणी तळाशी साचतं, आणि पाणी-इंधनाच्या सांध्यावर बुरशी धरते. लोणच्यात ओला चमचा गेल्यावर धरते तशीच. ती फिल्टर तुंबवते, इंधन मोजणाऱ्या प्रोबना भलतंच सांगायला लावते आणि खालचं ॲल्युमिनियम कुरतडते. म्हणून टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून काचेच्या बाटलीत नमुना काढायचा, उजेडात धरायचा. मी धरला. तळाशी काळपट शेवाळ.

"आमचा ट्रॅक्टर अख्खा पावसाळा उभा असायचा," सासरेबुवा म्हणाले. "उतारावर ढकलला की सुरू."

"हे ढकलून सुरू होत नाही."

"मग एवढं महाग कशाला?"

यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

इंजिनं दोन, विल्यम्सची एफजे४४. ओव्हरहॉल, म्हणजे अख्खं इंजिन खोलून नव्यासारखं करणं, ३५०० तासांना, मध्ये १७५० ला हॉट सेक्शन, म्हणजे ज्वलनकक्ष आणि टर्बाइन उघडून तपासणं. ही चाललेली १६९० तास. सासरेबुवांच्या हिशेबी अर्धं आयुष्य बाकी. माझ्या हिशेबी साठ तासांनी दोन्ही इंजिनं टेबलावर. त्यात इंजिन प्रोग्रॅमचे, म्हणजे पुढच्या दुरुस्तीसाठी आधीच भरायचे हप्ते डॉक्टरांनी मध्येच बंद केलेले. तासामागे भरायची ती भिशीच. सोडली की पुन्हा शिरताना मागचे तास मोजून मागतात. शिवाय सगळ्याच तपासण्या उड्डाणाच्या तासांवर ठरत नाहीत. ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) दर २४ महिन्यांनी होते, विमान उडो न उडो.

हे सगळं ४१ पानी अहवालात लिहिलं. चर्चा कशावर? मागच्या सीटच्या उसवलेल्या शिवणीवर! उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारे दोष साधारणपणे विकणारा दुरुस्त करून देतो. शिवण उसवल्यानं विमान पडत नाही, त्यामुळे तिचे पैसे कोणी देत नाही. पण दीड तास घासाघीस झाली आणि सासरेबुवांनी ते पैसे कमी करून घेतलेच! बुरशीचा विषय राहिला. हरवलेल्या एका लॉगबुकचाही (विमानाच्या देखभालीची नोंदवही). कागद नसेल तर आयुष्य ठरवून दिलेला सुटा भाग किती वापरला हे सिद्ध करता येत नाही, मग नवाच घालावा लागतो. पुढे हेच विमान विकायला काढाल तेव्हा समोरचा पहिलं लॉगबुकच मागेल, सीट नव्हे. सांगून पाहिलं. दोघं चामड्याचा रंग निवडत होते.

माझ्या बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत. सासरेबुवांचं म्हणणं, डॉक्टरच्या गाडीला मेकॅनिक दाखवायची गरजच काय होती.