बिअर, चिकन आणि सप्टेंबरातली घसरगुंडी

आपण इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. २०११ च्या बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाने ऐन वेळी कच खाल्ली, सामना चालू असताना ड्रेसिंग रूममध्ये बिअर आणि चिकन झोडणाऱ्या पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) हंगाम मातीत घातला आणि मी आकड्यांच्या आडून त्यांची पाठराखण करतो आहे, असा आपला आक्षेप आहे. त्या संघावर माझे तसूभरही प्रेम नाही. तरीही हा आक्षेप मला मान्य नाही.

३१ ऑगस्टला बॉस्टनच्या खात्यात ८३ विजय आणि ५२ पराभव होते आणि टँपा बे रेज हा प्रतिस्पर्धी संघ ९ सामन्यांनी मागे होता (हे अंतर म्हणजे विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची सरासरी). उरलेल्या २७ सामन्यांपैकी बॉस्टनने फक्त ७ जिंकले आणि रेजने एका सामन्याच्या फरकाने वाइल्ड कार्ड, म्हणजे गटविजेता नसलेल्या संघाला बाद फेरीत मिळणारी जागा, पटकावले. म्हणजे महिनाभरात १० सामन्यांची उलथापालथ झाली. तिच्यातला निम्मा वाटा दोन्ही संघ आमनेसामने आले त्या अवघ्या ७ सामन्यांचा आहे, कारण अशा लढतीत एकाचा विजय हाच दुसऱ्याचा पराभव असतो, आणि त्यांतल्या ६ लढती रेजने जिंकल्या. बॉस्टनचा पिचर क्ले बकहोल्झ पाठीच्या दुखण्याने जूनपासून बाहेर होता, दुसरा पिचर मात्सुझाका याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि सामन्याची सुरुवात करणाऱ्या उरलेल्या पिचरांनी त्या महिन्यात ९ इनिंगमागे ७ हून अधिक धावा दिल्या. त्यांची कामगिरी भिकार होती, हे मी कधीच नाकारलेले नाही.

बिअरची बातमी मात्र ऑक्टोबरात, निकाल लागल्यावर छापून आली. ती सवय आधीपासूनची असेल, तर पहिल्या १२ सामन्यांत १० पराभव पत्करल्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत मिळवलेल्या ८१ विजयांचे थोडे श्रेय चिकनलाही द्यावे लागेल! एप्रिलमधले ते १० पराभव गुणतक्त्यात सप्टेंबरातल्या पराभवांइतकेच मोलाचे होते. त्यांतले दोन जरी टळले असते, तरी रेज मागेच राहिले असते. एप्रिलमधल्या त्या पराभवांना मात्र कोणी भित्रेपणा म्हणत नाही.

मोठी आघाडी गमावलेल्या १९५१ च्या ब्रुकलिन डॉजर्सचेही उदाहरण आपण दिले आहे. ११ ऑगस्टनंतर नियमित हंगामात त्यांनी २६ सामने जिंकले आणि २२ गमावले. याला कोसळणे म्हणता येत नाही. त्यांना गाठणाऱ्या न्यूयॉर्क जायंट्सने त्याच काळात ४४ पैकी ३७ सामने जिंकले, ही खरी गोष्ट आहे.

१९६४ च्या फिलाडेल्फिया फिलीजबद्दल मात्र आपले म्हणणे बरेचसे योग्य आहे. १२ सामने उरले असताना साडेसहा सामन्यांची आघाडी असलेला तो संघ सलग १० सामने हरला, आणि मॅनेजर जीन मॉक यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या पिचरांना पुरेशी विश्रांती न देता पुन्हा पुन्हा उतरवले. पण हा निर्णयातला दोष आहे. त्यावरून खेळाडूंच्या छातीचे माप काढणे मला योग्य वाटत नाही.

२८ सप्टेंबर २०११ च्या, म्हणजे नियमित हंगामाच्या शेवटच्या रात्री दोन्ही संघ बरोबरीत होते; त्यामुळे बॉस्टन हरले तरी सारे संपणार नव्हते. रेज न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ०-७ असे पिछाडीवर होते. ती पिछाडी त्यांनी एका धावेवर आणली. नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद आणि दोन स्ट्राइक झालेल्या असताना (तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद होतो) रेजच्या डॅन जॉन्सनने होमरन मारून बरोबरी साधली आणि बाराव्या इनिंगमध्ये त्याचा सहकारी लाँगोरियाने सामना जिंकून दिला. जॉन्सनचा तो फटका हुकून रेज हरले असते, तर बॉस्टनला निर्णायक सामना खेळायला मिळाला असता. तो त्यांनी जिंकला असता, तर बिअरविषयी आपण हेच लिहिले असते का?