‘तेतेलेस्ताय’ हा पावतीवरचा शिक्का नव्हे
गुड फ्रायडे जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो: येशूने वधस्तंभावर उच्चारलेला ‘तेतेलेस्ताय’ हा ग्रीक शब्द कर्ज फिटल्यावर पावतीवर लिहीत, अर्थ ‘पूर्ण चुकते’. ऐकायला छान, पण आधार कच्चा. इजिप्तमधल्या ज्या पपायरसवरच्या (प्राचीन कागदावरच्या) पावत्यांचा दाखला देतात, त्या जकातीच्या. त्यांवर नुसतं ‘तेतेल’ असं तोडून लिहिलेलं. पूर्ण शब्द ‘तेतेलोनेताय’, म्हणजे जकात भरली. क्रियापदच वेगळं.

‘तेतेलेस्ताय’ ज्या क्रियापदाचं रूप आहे, त्या ‘तेलेओ’चा अर्थ कर भरणे असाही होतो, हे खरं. बायबलात मत्तय १७:२४ मध्ये तसाच आहे, पण तिथे मंदिराचा कर शेजारीच लिहिलाय. वधस्तंभावरचा शब्द जिथे येतो त्या योहान १९:३० मध्ये तसं काही नाही. उलट दोनच वचनं आधी हाच शब्द ‘सगळं पूर्ण झालं’ या अर्थाने येतो.