जेन कॉनचा बाजार झाला का? – 'जुना भिडू' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेखाली दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत इंडियानापोलिसला दर उन्हाळ्यात भरणाऱ्या जेन कॉन या टेबलावर बसून खेळायच्या खेळांच्या मेळ्याला आता 70,000 हून जास्त माणसं येतात, याचा आनंद मी मागच्या लेखात व्यक्त केला होता. तुम्ही लिहिलंत की यात आनंद मानण्यासारखं काही नाही. नव्वदच्या दशकात तो मिलवॉकीला भरायचा; तुम्ही तिथे जायचात तेव्हा तो खेळणाऱ्यांचा मेळा होता, आता तो खरेदीचा बाजार झालाय. हॉटेलं साध्या नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेलीत. "1968 साली ज्यांनी हे सुरू केलं त्यांना आजचं जेन कॉन ओळखूसुद्धा येणार नाही." आणि शेवटी विचारलंत, मुलांना अशा ठिकाणी न्यायचं तरी कशाला?

हॉटेलांबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर पुढे बोलतो. बाकीच्या मुद्द्यावर मात्र माझं मत अगदी उलट आहे.

1968 पासूनच सुरुवात करू, कारण तुम्ही तिथूनच केलीत. विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचं छोटं गाव. तिथे राहणारा गॅरी गायगॅक्स शिकागोत विमा कंपनीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात युद्धाचे खेळ खेळायचा. आदल्या वर्षी त्याच्या घरीच काही मंडळी खेळायला जमली होती. घर पुरेना, म्हणून ऑगस्ट 1968 मध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेतला. शंभरेक माणसं आली. शिशाचे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया झाल्या, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजी झाल्या. तुम्हाला हळहळ वाटते ती या हॉलसाठी, आणि ती मला समजते. तो हॉल मलाही प्रिय आहे.

पण त्या हॉलमध्ये नेमकं काय घडलं ते बघा. पुढच्या वर्षी, 1969 च्या मेळ्यात, मिनेसोटाहून आलेला डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण गायगॅक्सला भेटला. दोघांनाही शिडाच्या जहाजांच्या लढायांचं वेड. ओळख वाढली, पत्रं सुरू झाली, दोघांनी मिळून जहाजांच्या खेळाचे नियम लिहिले. मग आर्नेसनने आपल्या मित्रमंडळीत वेगळाच प्रकार चालू केला. एक खेळाडू म्हणजे एक सैन्य नाही, एक माणूस. त्याला नाव, अंगात बळ किती, अक्कल किती, आणि तो मेला की मेला. 1972 च्या अखेरीस त्याने लेक जिनिव्हाला येऊन गायगॅक्सला तो खेळवून दाखवला. गायगॅक्सची विम्यातली नोकरी तोवर सुटली होती आणि तो घराच्या तळघरात चपला-बूट दुरुस्त करून संसार चालवत होता. जानेवारी 1974 मध्ये या दोघांच्या नावावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा असा एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ बाजारात आला. तीन पातळ पुस्तिका, एक खोका, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. खोके घरीच भरले जायचे. छापण्यासाठी लागणारे पैसे उभे करायला गायगॅक्सने बालपणीचा मित्र डॉन के याला बरोबर घेऊन टीएसआर ही कंपनी काढली आणि थोड्याच वर्षांत जेन कॉनचा कारभारही टीएसआरकडे आला.

म्हणजे ज्याला तुम्ही बाजार म्हणता तो मागाहून शिरलेला पाहुणा नव्हे. मेळा सहा वर्षांचा असतानाच त्यात एक प्रकाशक जन्माला आला आणि आपला माल तिथेच विकू लागला. आणि तो नसता तर तुम्ही मिलवॉकीला जे खेळलात ते अस्तित्वातच आलं नसतं. जत्रेत दुकानं असतातच, त्यावरून ती जत्रा खोटी ठरत नाही.

आता तुमच्या मिलवॉकीकडे येतो. लेक जिनिव्हात गावभरचे हॉल कमी पडले म्हणून 1978 मध्ये मेळा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पार्कसाइड आवारात गेला. तेही अपुरं पडलं म्हणून 1985 मध्ये मिलवॉकीला. तुम्ही पाहिलंत ते त्यापुढचं. 1992 मध्ये तिथे 18,000 हून जास्त लोक आले, अमेरिकेतल्या खेळमेळ्यांचा तेव्हाचा तो उच्चांक होता. 1995 पर्यंत आकडा 30,000 च्या आसपास पोचला. 1968 च्या शंभर माणसांतला एखादा तेव्हा मिलवॉकीच्या दारात उभा राहिला असता, तर त्यानेही तुमच्यासारखीच प्रतिक्रिया लिहिली असती. तुम्ही त्याला काय उत्तर दिलं असतंत? मला वाटतं तुम्ही त्याचा हात धरून त्याला एखाद्या टेबलाशी नेलं असतंत.

मिलवॉकीतलीच एक गोष्ट तुम्ही प्रत्यक्ष पाहिली असणार. 1993 च्या ऑगस्टमध्ये तिथे 'मॅजिक: द गॅदरिंग'ची पत्त्यांची पाकिटं विकायला आली आणि लोक तुटून पडले. रिचर्ड गारफिल्ड हा गणितज्ञ खेळांची कंपनी काढलेल्या पीटर अॅडकिसनकडे आधी एक वेगळाच बोर्ड गेम घेऊन गेला होता. अॅडकिसनच्या नव्या छोट्या कंपनीला तो छापण्याचा खर्च परवडणारा नव्हता. त्याने सांगितलं, असं काहीतरी दे जे खिशात मावेल, झटपट संपेल, आणि मेळ्यात दोन खेळांच्या मधल्या वेळात खेळता येईल. मॅजिक आलं ते या मागणीतून. गर्दी, रांगा, एका डावातून दुसऱ्या डावाकडे जातानाचा मोकळा वेळ, ज्या गोष्टी तुम्ही मेळ्याचं दुखणं म्हणून मोजता, त्यांच्या पोटातून हा खेळ निघाला. पुढे 1997 मध्ये याच पत्त्यांच्या पैशावर अॅडकिसनच्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने बुडायला आलेली टीएसआर विकत घेतली आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स वाचलं. 2002 मध्ये अॅडकिसनने खुद्द जेन कॉन विकत घेतलं आणि 2003 पासून ते इंडियानापोलिसला आलं.

वाढ वाईट असते का? असते कधी कधी, आणि जेन कॉनने तिचा चटका सोसलाय. पण तुम्ही म्हणता त्या जागी नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. त्याचं कारण खेळायला आलेली गर्दी नव्हती. दुसऱ्यांच्या नावाचा परवाना घेऊन वेगळेच मेळे भरवायचा खटाटोप अंगाशी आला, खर्च हाताबाहेर गेला. पुढच्याच महिन्यात गायगॅक्स वारला. त्या ऑगस्टमध्ये मेळा मात्र ठरल्याप्रमाणे भरला. का भरू शकला? कारण तिथले बहुतांश खेळ कंपनी चालवतच नाही.

माझ्या मते अख्खा वाद इथे सुटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. वेळापत्रकात कित्येक हजार खेळ असतात, आणि ते आपल्यासारख्या लोकांनी नोंदवलेले असतात. कुणीही अर्ज करायचा: अमुक खेळ, इतके खेळाडू, इतके तास, नवख्यांना चालेल की नाही. मंजूर झाला की टेबल मिळतं. ठरावीक तासांहून जास्त खेळ चालवलात तर प्रवेशपासाचे पैसे परत मिळतात. पगार नाही. या लोकांच्या जिवावर तो मेळा उभा आहे. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये 500 हून अधिक विक्रेते असतात हे खरं, पण तो हॉल संध्याकाळी सहाला बंद होतो. त्यानंतर हॉटेलांच्या सभागृहांत, कोल्ट्स संघ जिथे फुटबॉल खेळतो त्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये, मध्यरात्रीपर्यंत आणि पुढेही जे चालू असतं ते नुसतं खेळणं असतं.

एक टेबल सांगतो. हॉटेलच्या सभागृहातलं, रात्री आठ ते बाराचं. खेळ चालवणाऱ्या बाई ओहायोतल्या एका शाळेत ग्रंथपाल. त्यांच्यासमोर बुटाचा खोका: टोक काढलेल्या सहा पेन्सिली, फासे विसरून आलेल्यांसाठी फासे, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेले पात्रांचे कागद. इतक्या हातांतून गेलेले की पाकिटाच्या कडा धुरकट झालेल्या. सहा खेळाडू, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. त्यात साठीचे एक निवृत्त ट्रकचालक आणि आमच्या इंडियानातल्या कोलंबसची एक चौदा वर्षांची मराठी मुलगी. पहिला तासभर पोरगी तोंडातून शब्द काढेना. मग बाईंनी बाकीच्यांना हातानेच थांबवलं आणि तिला म्हणाल्या, दार तुझ्यासमोर आहे, पलीकडे कोण आहे ते फक्त तुला कळू शकतं, काय करतेस? ती म्हणाली, "कान लावते." बाईंनी तिच्याकडे फासा सरकवला. वीस बाजूंच्या त्या फाशावर सतरा पडले. ट्रकचालक काकांनी टेबलावर थाप मारली आणि त्यानंतरचे दोन तास प्रत्येक दारापाशी सगळे आधी तिच्याकडे बघत होते. 1968 च्या हॉलमध्ये याहून वेगळं काय घडत असेल?

तुम्ही म्हणालात, सुरू करणाऱ्यांना ओळखू येणार नाही. त्यातला एक माणूस अजून येतो. माइक कार 1968 मध्ये शाळकरी मुलगा होता आणि त्याने स्वतः तयार केलेला विमानांच्या झुंजींचा खेळ तिथे मांडला होता. 'फाइट इन द स्काइज', पुढे 'डॉन पॅट्रोल' या नावाने निघालेला. पहिल्या वर्षापासून आजवर प्रत्येक जेन कॉनला खेळला गेलेला तो एकमेव खेळ मानला जातो. त्याचं टेबल दुकानांच्या झगमगाटापासून लांब असतं, एवढंच.

आता हॉटेलं. इथे तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. शहराच्या मध्यभागी सवलतीच्या खोल्यांसाठी संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखी वेळ वाटून देतो. उशिराची वेळ आली तर विमानतळाकडची खोली घ्या, नाहीतर बाजारभावाने जवळची. 2017 मध्ये, पन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदाच सगळे पास आधीच संपले आणि तेव्हापासून आयत्या वेळी ठरवून जाणं अवघड झालंय. कॅलिफोर्नियातून सहकुटुंब येणाऱ्याला हा खर्च खरोखर जड जातो आणि आयोजकांनी यावर याहून जास्त करायला हवं असं मलाही वाटतं. आम्ही कमिन्स या इंजिनांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे पुण्याहून कोलंबसला येऊन पडलेली मंडळी नशीबवान, तासाभरात गाडीने पोचतो आणि रात्री घरी येऊन झोपतो. सगळ्यांना ही सोय नाही. पण यावर इलाज म्हणून मेळा लहान करायचा झाला, तर आधी कोण गळेल? ज्याला खोली परवडते तो नव्हे.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलांना का न्यायचं. चार दिवस नेऊच नका. रविवारी चौघांच्या कुटुंबासाठी एकत्र पास मिळतो, तो घ्या. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरण्याआधी वेळापत्रकात 'नवख्यांसाठी' असं लिहिलेला सकाळचा दोन तासांचा एखादा खेळ आधीच नोंदवून ठेवा. खेळ भरलेला दिसला तरी टेबलापाशी जाऊन उभं राहा. कुणीतरी येत नाही, आणि खेळ चालवणारा रिकामी खुर्ची मुलाला देतो. खरेदी दुपारनंतर करा. रविवारी हॉल लवकर बंद होणारच असतो, त्यामुळे खिसाही आपोआप वाचतो.

आणि तुमच्याकडे मिलवॉकीच्या दिवसांतले जुने खेळ असतील तर त्यातला एखादा यंदा नोंदवा. वेळ आणि टेबल कळवा, मी खेळाडू म्हणून पहिलं तिकीट काढतो.