वंचितांचा कैवार घेऊ इच्छिणाऱ्या इंदूरकरांस

वंचितांसाठी शासनदरबारी शब्द टाकावा, अशी इच्छा आपल्या मनात उद्भवली असेल तर प्रथम आपले अभिनंदन. रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत आपल्या मराठी मंडळींना सभा, ठराव आणि आभारप्रदर्शन यांची पिढ्यानपिढ्यांची सवय असल्यामुळे या कार्यास लागणारी अर्धी तयारी आपल्याकडे झालेलीच आहे. केवळ एक पथ्य पाळावे. जे बोलाल ते कळकळीने बोलावे, आणि त्यात रुपयांचा आकडा येऊ देऊ नये.

आकडा का नको, हे नीट समजून घ्यावे. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन 15 ऑगस्ट 1995 रोजी दरमहा 75 रुपयांवर सुरू झाली. पुढे केंद्राचा वाटा 200 रुपये झाला आणि एकोणऐंशी वर्षांपर्यंतच्या वृद्धांसाठी तो आजही तेथेच आहे. ऐंशी पूर्ण करून दाखवल्यास 500 मिळतात, म्हणजे चिकाटीची कदर शासनही करते. मध्य प्रदेशात राज्याची भर पडून निराधार वृद्धाच्या हाती महिन्याला 600 रुपये येतात. हा आकडा सभेत उच्चारला की मागच्या रांगेतले कोणीतरी त्यास तिसांनी भागते, वीस रुपये हे उत्तर काढते आणि ते सकाळच्या पोहे-जिलबीच्या बिलाशी ताडून पाहते. त्यानंतर सभेत रंग भरत नाही. त्याऐवजी ‘सन्मानाने जगण्याचा अधिकार’ म्हणावे. त्यास भागता येत नाही.

वंचित दिसू नयेत यासाठी काही मागावयाचे असेल, तर मात्र आपल्या शहरात दारे सताड उघडी आहेत. 1 जानेवारी 2025 पासून इंदूरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ लागला आणि भीक मागणाऱ्याची खबर देणाऱ्यास 1000 रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. एका खबरीचे 1000 आणि महिनाभराच्या म्हातारपणाचे 600, हा हिशेब कोणी आपल्यासमोर मांडलाच, तर बक्षीस उद्यमशीलतेस आहे आणि म्हातारपणास काही उद्यम लागत नाही, असे शांतपणे सांगावे. मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाचीही सोय आहे, काहींना उज्जैनच्या आश्रमात पाठवले गेले, हेही सांगावे. ते खरेच आहे. परंतु हात पसरण्याआधी त्याच माणसाचे पेन्शन कोठे अडकले होते, या प्रश्नाकडे वळू नये, कारण तेथून पुन्हा आकड्यांवरच येणे होते.

योगायोगाने ते वर्ष अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचे होते. ठिकठिकाणी अन्नछत्रे आणि धर्मशाळा चालवणाऱ्या या बाईंचे नाव भाषणाच्या आरंभी अवश्य घ्यावे. मधल्या भागात घेऊ नये, कारण तोवर आपण भीक देणे हा गुन्हा कसा आवश्यक आहे या मुद्द्यावर आलेले असता आणि श्रोते चुळबुळ करू लागतात.

उत्साह आवरणेही आवश्यक आहे. जानेवारी 2021 मध्ये पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी बेघर वृद्धांना गाडीत भरून देवास रस्त्यावर शिप्रा गावाजवळ नेऊन उतरवले. गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रफिती काढल्या आणि त्या वृद्धांना पुन्हा गाडीत चढवावे लागले. एका अधिकाऱ्याचे निलंबन झाले. त्या कडाक्याच्या थंडीत ज्यांना उचलून ठेवले आणि पुन्हा उचलले, त्यांचे पुढे काय झाले याची चौकशी आपल्यापैकी फारच थोड्यांनी केली. सभेत हा प्रसंग निघाल्यास ‘निंदनीय’ म्हणावे आणि लगेच स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकाकडे वळावे.

दिव्यांगांच्या बाबतीत टक्केवारी चालते, कारण टक्क्यांत भावना गुंतत नाहीत. 2016 च्या कायद्याने चाळीस टक्के अपंगत्व हे लाभांसाठी पुरेसे मानले आहे; केंद्राची 300 रुपयांची दिव्यांग पेन्शन मात्र ऐंशी टक्क्यांवर आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाच मिळते. मधल्या चाळीस टक्क्यांतल्या माणसाने काय करावे, असे कोणी विचारल्यास त्यास मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे सरकारी कचेरीत तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, जाण्यास सांगावे. समग्र आयडी हा राज्याचा ओळख क्रमांक, ई-केवायसी आणि म्हातारपणी झिजून न उमटणारे बोटांचे ठसे हे सर्व तेथे भेटेलच. आपण स्वतः सोबत जाऊ नये. एकदा त्या रांगेत उभे राहिलेला माणूस पुढे ठरावाच्या भाषेत बोलत नाही.

आता ठराव. तो मोजक्या शब्दांत असावा आणि त्यात ‘योग्य ती वाढ’ एवढेच म्हणावे. कोणी सभासदाने ‘किती’ असे विचारलेच, तर अभ्यासासाठी उपसमिती नेमावी आणि विचारणाऱ्यासच तिचा निमंत्रक करावे. तिच्या बैठकीच्या चहा-नाश्त्यासाठी मात्र रक्कम ठरावातच, आकड्यांत आणि अक्षरांत लिहावी, म्हणजे पुढे हिशेबाच्या वेळी वाद होत नाही.