मेंटॉरिंग करायचंय? मग बजेटची फाइल उघडा

खेळाचा विभाग चालवायला नवख्या बाईला तयार करायचं, म्हणजे तिचं मेंटॉरिंग करायचं, तर आधी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाकडे बघा. बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कमुळे तिथलं कार्व्हर-हॉकाय अरीना हे स्टेडियम आता सगळ्यांना माहीत झालंय. पण ३ फेब्रुवारी १९८५ ला, जेमतेम साडेपंधरा हजार आसनांच्या त्याच अरीनात, ओहायो स्टेटविरुद्धचा महिला बास्केटबॉल सामना बघायला २२,१५७ माणसं आली होती. विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाच्या प्रमुख तेव्हा क्रिस्टीन ग्रँट होत्या. जन्म १९३६ चा, स्कॉटलंडमधल्या बोनेसचा. १९६१ मध्ये कॅनडात येऊन हॉकी शिकवली, मग आयोवात पीएचडी केली आणि १९७३ ते २००० हा विभाग चालवला. ३१ डिसेंबर २०२१ ला त्या गेल्या.

त्यांचा विभाग पुरुषांच्या विभागापासून वेगळा होता. बजेट वेगळं, प्रमुखही वेगळा. त्यामुळे तिथे काम करणाऱ्या बाईला पैसा, नेमणूक, वेळापत्रक, प्रवास या सगळ्याला हात घालावाच लागे. ग्रँट विद्यापीठात क्रीडा-प्रशासन शिकवतही होत्या, म्हणजे वर्ग आणि कचेरी एकाच आवारात. माझ्या मते माणसं घडली ती या रचनेमुळे.

१९७२ मध्ये अमेरिकेत टायटल नाइन हा शिक्षणसंस्थांत, खेळातही, स्त्री-पुरुष भेदभाव करू नका असं सांगणारा कायदा आला, तेव्हा विद्यापीठांतल्या महिलांच्या ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या कोच स्त्रियाच होत्या. मग पगार वाढले, विभाग एकत्र झाले. अकोस्टा आणि कार्पेंटर या अभ्यासकांच्या २०१४ च्या पाहणीत हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आलेलं दिसतं, आणि ॲथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाच्या, खुर्चीत स्त्रिया जेमतेम २२ टक्के. खेळाडू मुली कित्येक पटींनी वाढल्या आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या बायका कमी झाल्या, हे मला फार लागतं.

आज मेंटॉरिंग म्हणजे महिन्यातून एकदा कॉफी आणि 'आत्मविश्वास ठेव'. तरुण सहायक डायरेक्टर बाईकडे खेळाडूंचा अभ्यास, नियमपालन, समारंभ ही कामं जातात. फुटबॉलचं बजेट, तिकीटविक्री, देणगीदार यांच्याजवळ तिला फिरकूही देत नाहीत. मग मोठ्या पदाच्या मुलाखतीत तिला विचारतात, किती कोटींचा व्यवहार सांभाळलात? तिच्याकडे उत्तर नसतं, कारण ते मिळवायची संधीच कुणी दिलेली नसते.

खरं शिकवायचं तर आकड्यांपासून सुरू करा. टायटल नाइनची एक कसोटी अशी, की विद्यार्थ्यांत मुलींचं जे प्रमाण, साधारण तेच खेळाडूंतही हवं. समजा विद्यापीठात ५४ टक्के मुली आहेत, पण ५०० खेळाडूंत मुली २२०. नवखा माणूस ५०० चे ५४ टक्के काढतो, २७०, आणि म्हणतो, ५० जागा वाढवा. चूक! जागा वाढल्या की एकूण संख्याही ५५० होते आणि मुली ४९ टक्क्यांवरच अडकतात. मुलगे २८० च ठेवले तर मुली साधारण ३२९ लागतात, म्हणजे १०९ जागा. दुसरी ठेच मोजणीत लागते. क्रॉस-कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर ट्रॅक अशी तिन्हीकडे धावणारी मुलगी सहभागात तीनदा मोजली जाते, शिष्यवृत्तीच्या हिशेबात मात्र एकदाच. ही दोन गणितं स्वतः न केलेला माणूस पुढे खेळाडूंची यादी नावापुरती फुगवतो आणि तक्रार आली की गडबडतो.

हे जमलं की तिला एका खेळाचं अख्खं बजेट द्या. गोल्फ द्या, टेनिस द्या, छोटा खेळ चालेल. बस, हॉटेल, जेवणभत्ता, गणवेश, फिजिओ, सरावाची वेळ, सगळं मुलांच्या संघाशेजारी मांडायला लावा. संध्याकाळी पाचचा सराव कुणाला मिळतो आणि रात्री नऊचा कुणाला, हे वेळापत्रक समोर ठेवलं की लगेच कळतं. मग कोच निवडीच्या समितीत घ्या, आणि तिथे टिपणं काढायला नको, मत द्यायला घ्या. शेवटी देणगीदाराच्या भेटीला सोबत न्या आणि रक्कम तिलाच मागू द्या. पहिल्यांदा अडखळेल. भेट संपेपर्यंत मध्ये बोलू नका, गाडीत बसल्यावर सांगा.

आपल्याकडे महाविद्यालयातला शारीरिक शिक्षण संचालक हे सगळं बहुतेक एकटाच ओढतो. त्याच्या हाताखाली कुणी नवं आलं असेल, तर विद्यापीठाच्या स्पर्धेला संघ नेण्याआधीचा खर्चाचा अंदाज या वर्षी त्यालाच बनवू द्या.