‘डबल रोलर टाका आणि विसरा’: जुन्या ट्रकच्या टायमिंग चेनबद्दलचा अर्धवट सल्ला

जुन्या पिकअप ट्रकच्या मालकांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. कंपनीची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) आणि वॉल्व्ह उघडमिट करणारा दांडा (कॅम) यांना जोडणारी साखळी, कच्ची असते; ती काढून डबल रोलर, म्हणजे दोन पदरी चेन टाका. ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढेल आणि इंजिनाचं समोरचं कव्हर पुन्हा कधी उघडावं लागणार नाही. यात खरं काहीच नाही असं नाही. पण हे ऐकून लोक पैसे भलत्याच भागावर खर्च करतात आणि मूळ दोष आत तसाच राहतो. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासू.

‘कंपनीची चेन कच्ची, म्हणून ती लांबते.’

चेन लांबते ती पिना आणि बुश एकमेकांवर घासून झिजल्यामुळे. एका कडीतली झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण सगळ्या कड्यांची बेरीज झाली की चेन ढिली पडते. तेल वेळेवर बदललं नाही तर त्यातली काजळी आणि धातूचा चुरा या सांध्यांत शिरून झीज वाढवतात. अशा तेलात डबल रोलरही झिजणारच, फार तर थोडी सावकाश.

अनेक जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत मुळात दातेरी पट्ट्यांची रुंद, आवाज न करणारी चेन असे. नावं तिलाच ठेवली जातात, पण बऱ्याचदा दगा देतो तो कॅमवरचा गिअर. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून आवाज कमी व्हावा म्हणून कित्येक इंजिनांत ॲल्युमिनियमच्या गिअरवर नायलॉनचे दात चढवलेले असत. गरम तेलात वर्षं काढली की हे नायलॉन ठिसूळ होतं आणि त्याचे तुकडे पडू लागतात. मग चेन दात सोडते, टायमिंग सुटतं. शिवाय ते तुकडे खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब जातो.

तुमच्या इंजिनात असा गिअर असेल तर फिरणारा सल्ला बरोबर आहे, आणि मी तर म्हणेन की खडखड सुरू व्हायची वाटही पाहू नका. पूर्ण स्टीलचा संच टाका. मात्र चेंबर उतरवून जाळी साफ करायची राहिली, तर नव्या चेनखाली जुने तुकडे तसेच पडून राहतील. सल्ल्यात नेमकं हेच काम सांगितलेलं नसतं.

‘कोणत्याही जुन्या इंजिनाला हाच उपाय.’

टोयोटाचं २२आर इंजिन घ्या. सुरुवातीला त्यात दोन पदरी चेन होती; १९८३ च्या सुमारास एक पदरी चेन आणि तिला वाटेवर धरून ठेवणारे प्लास्टिकचे गाईड आले. लोक निष्कर्ष काढतात की एक पदरी चेन कमकुवत. पण या इंजिनात सहसा आधी मोडतो तो गाईड. तो मोडला की मोकळी चेन ॲल्युमिनियमच्या कव्हरला घासत राहते. कव्हरच्या त्या भिंतीपलीकडे कूलंटची वाट आहे. भिंत कापली गेली की कूलंट तेलात उतरतं आणि बेअरिंग खातं. म्हणून पोलादी पाठ असलेले गाईड आणि चांगला टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ही इथली मोठी सुधारणा आहे. ते बसवून एक पदरी चेन ठेवली तरी इंजिन उत्तम चालतं. दोन पदरी करायची तर जरूर करा, पण गाईडला पर्याय म्हणून नको. आणि कव्हर उतरवलं की त्याच्या आतल्या बाजूला चर पडलेत का, हे बोट फिरवून पाहा. खोल चर असतील तर कव्हरही बदला.

फोर्डच्या ५.४ लिटर थ्री-व्हॉल्व्ह ट्रायटनमध्ये चेन रुंद करण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे दुखणं टेन्शनरचं आहे. तो तेलाच्या दाबावर चालतो आणि त्याचं घर प्लास्टिकचं असून सील फुटून दाब गळतो. चेन सैल होते, गाईड तुटतात. जाणते मेकॅनिक त्या जागी आधीच्या टू-व्हॉल्व्ह इंजिनातले ओतीव लोखंडी टेन्शनर बसवतात.

‘ताकद आणि ॲव्हरेज वाढतं.’

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो. चेन ढिली झाली की कॅम मागे रेंगाळतो आणि वॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) कॅमवरून फिरत असेल तर ठिणगीही उशिरा पडते. याचा फटका कमी फेऱ्यांवरच्या ओढीला बसतो, आणि माल भरलेल्या ट्रकला तीच ओढ हवी असते. चेन बदलल्यावर गाडी जोमाने उचलते हा अनुभव अगदी खरा आहे, पण ती इंजिनाची हरवलेली ताकद परत आलेली असते. साध्या नव्या चेननेही ती तितकीच परत आली असती.

‘जाड चेन बसवायला अडचण येत नाही.’

येते. रुंद चेन काही इंजिनांत कव्हरला किंवा ब्लॉकच्या कडेला घासते. जीएमच्या एलएस इंजिनांत डबल रोलरसाठी ऑइल पंप पुढे सरकवायला पॅकिंग पट्ट्या लागतात. ब्लॉकमधली क्रँक बसण्याची जागा मशीनवर पुन्हा कापलेली असेल तर क्रँक आणि कॅम किंचित जवळ येतात आणि नवी चेनही पहिल्या दिवसापासून ढिली बसते; त्यासाठी मुद्दाम आखूड केलेले संच मिळतात.

बरेच संच क्रँकच्या गिअरमध्ये अनेक चावी-खाचा (गिअर क्रँकवर अडकवणाऱ्या चावीसाठीच्या खाचा) देतात, टायमिंग पुढे-मागे करायला. चुकीची खाच पकडली की टायमिंग चार-सहा अंशांनी चुकतं आणि दोष चेनच्या माथी जातो. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये आणखी एक चकवा आहे. गिअरवरचे ठिपके समोरासमोर आले की फायरिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या बेतात, सहावा सिलिंडर असतो, पहिला नाही. डिस्ट्रिब्युटर पहिल्या सिलिंडरच्या हिशेबाने बसवला तर गाडी सुरूच होत नाही.

‘पुन्हा बघायला नको.’

डिस्ट्रिब्युटर असलेल्या व्ही-८ मध्ये तपासणी इतकी सोपी आहे की ती टाळण्याचं कारणच नाही. बॅटरीची तार काढा, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडा. पाना लावून क्रँक एका दिशेला फिरवा आणि पुलीची खूण टायमिंगच्या पट्टीवर वाचा. मग उलटं फिरवत टोपीखालचा फिरणारा रोटर कुठे हलतो ते बघा. दोन-चार अंशांत हलला तर चेन ठीक. दहाच्या आसपास गेला तर बदलायची वेळ झाली. हीच तपासणी पैसे खर्च करण्याआधीही करायची असते. कॅम सिलिंडरच्या वरच्या बाजूला असलेल्या इंजिनांत सकाळी गाडी सुरू करताना येणारी खडखड ऐका. ती दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर आधी तेल आणि टेन्शनरकडे बघा. पिस्टन-वॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतील असं इंजिन असेल तर हे उद्यावर ढकलू नका.

बदलायचं ठरलंच तर चेन, दोन्ही गिअर, गाईड, टेन्शनर आणि पुढचं ऑइल सील एकत्र बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर झिजते. कव्हर लावण्याआधी क्रँक पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहा. मध्ये कुठे अडकलं तर जोर लावू नका, तिथेच थांबून जुळणी परत तपासा.