खुलासा: प्लास्टिक चकाकवायला मेटॅलिक वाढवू नका

थ्रीडी मॉडेलला पदार्थाचं रूप देताना 'मेटॅलिक' ही ० ते १ मधली सेटिंग असते. 'प्लास्टिकला चकाकी हवी तर मेटॅलिक ०.५ ठेवा' हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. पदार्थ धातू आहे की नाही, एवढंच मेटॅलिक सांगतं. प्लास्टिक, लाकूड, रंगवलेला पत्रा यांना ०. उघड्या धातूला १. मधली किंमत फक्त गंज किंवा धूळ धातूला भिडते त्या कडेपुरती.

०.५ दिलं की लाल बादलीवरचा पांढरा चमकारा लालसर होतो आणि मूळ रंग निम्म्याने विझतो. खरं प्लास्टिक समोरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परतवतं, तोही रंग न चढवता.

चकाकीसाठी रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा; कमी तितकी चकाकी जास्त) ०.२च्या आसपास आणा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रफनेसचा मॅप (कुठे किती रफनेस ते सांगणारं चित्र) 'नॉन-कलर'च हवा, म्हणजे त्यातले आकडे जसेच्या तसे वाचले जातात. तो एसआरजीबी (रंगांच्या चित्रांसाठीची सेटिंग) राहिला (सर्रास राहतो!) तर ०.५ चं ०.२१ होतं आणि कोरडी फरशीही ओली दिसते.